गेटचा वाढदिवस

केक या पदार्थाचा मला मनापासून कंटाळा आहे. चेन्नईला मुलींच्या अनाथाश्रमात मी वॉर्डन होते, आणि त्या वर्षांत मी इतका केक खाल्ला, की आता कुणाच्या घरी सुरी आणि मेणबत्त्या दिसल्या की पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात सटकते. नात म्हणते, "आजी, तू किती बोअर आहेस गं!" असू दे. दुसऱ्यांच्या वाढदिवसांचं किती क्रीम आजीनं पोटात घातलंय, ते तिला काय माहीत!

अनाथाश्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उपाशी पोरं येतात. आमच्याकडं निदान शनिवारी-रविवारी उलटाच प्रकार होता. चेन्नईत एक चांगली रीत आहे. घरात कुणाचा वाढदिवस असला की लोक एखाद्या 'होम'ला एक वेळचं जेवण देतात. बिर्याणी येते, केक येतो, सगळं घर नटूनथटून येतं. मुली रांगेत बसून 'हॅपी बर्थडे' म्हणतात, प्रार्थना करतात, आणि मग जेवतात. पगार झाल्यावरच्या शनिवारी सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक असे वाढदिवस व्हायचे आणि पोरींची पोटं बिघडायची. मंगळवारी मात्र कुणी फिरकायचं नाही. तेव्हा माझं निम्मं काम म्हणजे फोनवर गोड बोलून लोकांचे वाढदिवस मंगळवारकडं ढकलणं. "सर, तुमचं बाळ एक वर्षाचं आहे ना? त्याला कुठं कळतंय शनिवार का मंगळवार!"

मी मूळची नगरकडची. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आणि मिशनच्या शाळेत शिकून मी मास्तरीण झाले. लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळं चेन्नईजवळच्या आवडी गावाला आले. ते तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. क्वार्टरमध्ये बसून बसून मी कावले होते. तेवढ्यात वेलचेरीच्या पलीकडं एका छोट्या मिशनच्या होमला वॉर्डन हवी असल्याचं चर्चमध्ये कळलं. लोकल, बस, शेअर ऑटो असं करत मी तिथं पोचले आणि पुढं तिथलीच झाले. यजमान म्हणायचे, "तुला भेटायचं असेल तर मी पण वाढदिवस बुक करू का?" सहा महिन्यांत मला भांडण्यापुरती तमिळ आली, आणि पोरींना माझं 'अगंबाई' आलं. त्या मला वॉर्डनम्मा म्हणायच्या.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार होती. गिऱ्हाईकंच म्हणायची, कारण देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतंच. वेलचेरीच्या फ्लॅटमधली कंप्युटरवाली आपली मराठी मुलं यायची. एकदा त्यांनी पोरींना आत्मविश्वास शिकवायला पडदा आणि प्रोजेक्टर आणला. नेमकी वीज गेली. मी म्हटलं, "आत्मविश्वास राहू द्या, एवढे सांबारचे कांदे सोला." कांदे सोलता सोलता साताऱ्याचा एक मुलगा हळूच म्हणाला, "काकू, भाकरी करता का हो कधी?" त्या दिवशी अनाथ कोण, असा प्रश्न मला पडला. त्याला भाकरी करून घातली.

आणि वेस्ट मांबलमच्या त्या मामी! तिकडं वयस्क ब्राह्मण बाईला मामी म्हणतात. नऊवारीसारखं लुगडं नेसलेल्या, कपाळ मोकळं. मुलाला घेऊन आल्या होत्या. पंगत बसली, भात वाढून झाला, मामी हात जोडून उभ्या राहिल्या. आमच्या पोरींना सवयीनं एवढंच ठाऊक, की पाहुणे आले, पानं वाढली, की गायचं. त्यांनी टाळ्या पिटत 'हॅपी बर्थडे' सुरू केलं. मुलाचा चेहरा पांढराफटक. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं ते! मी कपाळाला हात लावला. पण मामींना हसू आवरेना. हसता हसता पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "गाऊ द्या हो. त्यांचा वाढदिवस घरात कधी कुणी केलाच नाही." पोरींनी मग मामींच्या यजमानांचं नाव घालून अख्खं गाणं पुन्हा म्हटलं.

आमच्या होमची स्वतःची पण एक रीत होती, आणि ती काढली होती मी. निम्म्या पोरींना जन्मतारीखच नव्हती. रोज दुसऱ्यांची गाणी गायची आणि आपला दिवस कधीच नाही, हे मला बघवेना. म्हणून ठरवलं, जी पोरगी ज्या दिवशी आमच्या गेटातून आत आली, तो तिचा वाढदिवस. त्या दिवशी तिनं नवा फ्रॉक घालून गेटबाहेर जायचं आणि सगळ्यांच्या टाळ्यांत पुन्हा आत यायचं. माझ्या खुर्चीत बसायचं. आज काय शिजवायचं ते तिनं सांगायचं. आणि ताटातला पहिला घास तिला वाटेल त्याला भरवायचा. पोरी याला 'गेटचा वाढदिवस' म्हणायच्या आणि महिनाभर आधीपासून वाट बघायच्या.

यात काही चुकतंय, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. माझाच वाढदिवस एक जून! आमच्या पिढीत खेड्यातल्या शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी निम्म्या वर्गाला एक जून देऊन टाकायचे. खरी तारीख आईला विचारली तर म्हणायची, "पेरणी चालली होती बाई, कुठं बघत बसू!" त्या एक जूनवर मी शिकले, नोकरी केली, लग्न केलं. माझं काही अडलं नाही. मग पोरींचं काय अडणार होतं?

मग त्सुनामी आली. नाताळच्या दुसऱ्या दिवशीची, रविवारची सकाळ. आमच्या पोरी चर्चमध्ये होत्या, आणि तिकडं किनाऱ्यावर लाटेनं वस्त्याच्या वस्त्या नेल्या. पुढचे काही आठवडे आम्ही मिशनची माणसं किनाऱ्यावर भात शिजवत होतो, जखमा बांधत होतो. देशभरातून मदत आली. उत्तरेकडून एका भल्या संस्थेनं ट्रकभर लोकरीचे स्वेटर पाठवले. चेन्नईला! आम्ही हसावं का रडावं! शेवटी त्यांच्या उशा भरल्या, आणि पोरी कितीतरी वर्षं त्या उशांवर झोपल्या.

त्याच दिवसांत पुष्पम पाट्टी आली. पाट्टी म्हणजे आजी. कोळीवाड्यातली म्हातारी, उन्हानं रापलेली. तिनं पाच-सहा वर्षांच्या एका पोरीचं मनगट घट्ट धरलं होतं. ही कयल. पाट्टीची ती कुणीच नव्हती, शेजारची पोर होती. कयलचे वडील आधीच वारले होते. त्या सकाळी आई वाळूवर मासळीच्या लिलावात उभी होती, आणि कयल वर रस्त्याजवळ पाट्टीपाशी खेळत होती. आई गेली ती सापडलीच नाही. पाट्टीची झोपडी गेली, तिचं तिलाच खायला नव्हतं. "हिला दोन घास मिळू देत," म्हणाली, आणि मागं न बघता निघून गेली.

कयल शहाणी पोरगी. सांगितलेलं करायची, खेळायची, वर्गात पहिल्या बाकावर बसायची. फक्त केक खायची नाही. पुढं केला की मान फिरवायची. आणि संध्याकाळी गेटच्या पायरीवर जाऊन बसायची. आईबद्दल विचारलं तर आम्ही सगळे एकच सांगायचो, अम्मा प्रभूकडं गेली. आमच्या लोकांची ही खोडच आहे. 'मेली' हा शब्द लहान मुलासमोर आमच्या तोंडून निघत नाही. कयल मान हलवायची. मला वाटायचं, पोरगी सावरली.

वर्ष झालं. कयलचा गेटचा वाढदिवस आला. पिवळा फ्रॉक घालून ती गेटबाहेर गेली. आत पोरी टाळ्या वाजवायला हात उचलून उभ्या. कयल आत येईना. मी हाक मारली. ती तिथंच रस्त्यावर फतकल मारून बसली आणि जे रडायला लागली, की शेजारच्या अपार्टमेंटचा वॉचमन धावत आला.

मी खाली बसून विचारलं, "काय झालं गं राणी?"

"आज माझा वाढदिवस नाही."

"अगं, गेटचा आहे."

"नको! तुम्ही आजच केला तर अम्मा चुकेल. ती वाढदिवसाला येणार आहे. नवी पावाडै आणते म्हणाली." पावाडै म्हणजे परकर.

म्हणजे वर्षभर ही पोरगी सावरली नव्हती, वाट बघत होती! प्रभूकडं गेलेली अम्मा वाढदिवसाला परत येणार होती. वाढदिवस अजून आलेला नाही, म्हणून अम्मा आलेली नाही, असा तिचा साधा हिशोब. आणि आम्ही आज तिचा दिवस बदलून टाकायला निघालो होतो, ज्याची तिच्या आईला खबरच नव्हती. "बरं, आज नाही," एवढंच बोलून मी तिला उचलून आत आणलं. त्या दिवशी कुणीच धड जेवलं नाही.

"मग खरा वाढदिवस कधी?" तिनं रात्रीपर्यंत धीर धरला आणि विचारलं. मी म्हटलं, "शोधते."

आमचे सेक्रेटरी थंगराज अय्या निवृत्त हेडमास्तर, बायबल तोंडपाठ, शिस्तीचे. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, शोधू नका. दिवस सापडला तर पोरगी त्या दिवशी दारात बसेल. आई येणार नाही. मग काय करणार तुम्ही?"

ते चुकीचं बोलत नव्हते. सांगावं तर त्या दिवशी पोरीचं काळीज फुटणार, न सांगावं तर ती वर्षानुवर्षं त्या पायरीवर बसणार. कितीतरी दिवस माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी एका मंगळवारी मी पुष्पम पाट्टीला शोधायला निघाले.

कोळीवाड्यातली माणसं तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली होती. पत्रे असे तापलेले, की आत पाय ठेववत नव्हता. पाट्टी बाहेर सुकी मासळी मांडून बसली होती. मला बघून आधी घाबरली. "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. तिचा वाढदिवस कधी असतो, पाट्टी?"

पाट्टी हसली. पहिल्यांदाच हसताना बघितलं मी तिला. "तारीख कोण बघतंय! आडी महिन्यात आम्ही अम्मनला कूळ ओततो ना, तो रविवार. हिची आई भांडं घेऊन रांगेत उभी होती, पोट हे एवढं. कूळ भांड्यात पडायच्या आत कळा सुरू झाल्या. मीच धरून घरी नेलं." आडी म्हणजे साधारण आपला आषाढ. त्या महिन्यात तिथं गावदेवीपुढं, म्हणजे अम्मनपुढं, नाचणीच्या पेजेची मोठी कढई चढते आणि सगळ्या गावाला वाटली जाते, तिला कूळ म्हणतात. "दर वर्षी त्या रविवारी पहिलं भांडं आई हिलाच पाजायची," पाट्टी म्हणाली. मग माझ्याकडं रोखून बघत विचारलं, "तिला अजून सांगितलं नाही का कुणी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मीच येते त्या दिवशी. तिच्या आईला लाटेत जाताना मीच बघितलंय. सांगायचं पण मीच."

परत येऊन मी त्या रविवारी होममध्ये कूळ करणार म्हणून सांगितलं, आणि थंगराज अय्यांचा पारा चढला. "रविवारी? उपासनेच्या दिवशी? देवीचा प्रसाद आपल्या होममध्ये?"

"अय्या, प्रसाद नाही. आंबील आहे. आमच्या नगरला घराघरात होते. मी आपल्या चुलीवर, आपल्या पातेल्यात करणार. उपासना झाल्यावर."

"लोक विचारतील."

"लोकांना माझ्याकडं पाठवा!" मी जरा चढ्याच आवाजात बोलले. ते हो म्हणाले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत.

आडीतला तो रविवार आला. कयलला मी सांगितलं होतं, आज तुझा खरा वाढदिवस. उपासना संपल्याबरोबर ती धावत पायरीवर जाऊन बसली. केसांना तेल, वेणीत मोगरा. मी तिच्यासाठी परकर शिवून घेतला होता, पण दिला नाही. आईनं कबूल केलेली वस्तू आपण कशी द्यायची? कपाटातच राहू दिला. पातेलं चुलीवर ठेवलं आणि मी तिच्याशेजारी येऊन बसले. ऊन चढत गेलं. प्रत्येक शेअर ऑटो थांबला की ती उठायची. तो गेला की बसायची. मला वाटत होतं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मग एका ऑटोतून पुष्पम पाट्टी उतरली. कयल "पाट्टी!" म्हणून ओरडत धावली, तिच्या कमरेला मिठी मारली, आणि मान वाकडी करून पाट्टीच्या मागं बघायला लागली. ऑटो निघून गेला. मागं कुणी नव्हतं.

पाट्टी तिथंच पायरीवर बसली. तिला मांडीवर घेतलं आणि सरळ सांगितलं. "कयल, अम्मा पाण्यात बुडून मेली. मी या डोळ्यांनी बघितलं. लाट आली तेव्हा ती वर तुझ्याकडंच धावत होती. पोचली नाही. आता ती यायची नाही, कधीच यायची नाही. तुला विसरली म्हणून नाही गं. मेलेल्या माणसाला येता येत नाही."

कयल ओरडली नाही. खूप वेळ पाट्टीच्या लुगड्याचा काठ चोळत बसली. मग म्हणाली, "वर धावत होती?"

"हो. तुझं नाव घेत."

तेव्हा ती रडली. आधी गेटबाहेर रडली होती तसं नाही, अगदी हळू, दमलेल्या बाईसारखं. पाट्टी रडली, मी रडले. आतून पोरी बघत होत्या, त्या पण रडल्या. जवळजवळ प्रत्येकीचं कुणीतरी गेलेलंच होतं.

शेवटी पाट्टीनंच नाक पुसलं. "शिजलंय का काही? वास येतोय." तिनं माझी आंबील चाखली आणि तोंड वाकडं केलं. "यात लसूण कुणी घातला?" मी म्हटलं, "आम्ही घालतो." "तुम्ही घाला. पोरीला नको." मग दुसरं पातेलं चढवलं. ताक, बारीक सांबार कांदा, मीठ, बास. कयल शेजारी उभी राहून बघत होती. पहिला ग्लास तिच्या हातात दिला.

पहिला घास कुणाला भरवायचा, ते तिनं ठरवायचं होतं. कयल तो ग्लास दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, गेटपर्यंत गेली आणि पायरीवर ठेवला. मग मागं येऊन उभी राहिली.

माझं लक्ष थंगराज अय्यांकडं. ते ऑफिसच्या दारात उभे होते. मनात म्हटलं, आता बोलतील, पायरीवर हे काय चाललंय म्हणून. छोट्या पोरी गेटकडं धावत सुटल्या, आणि अय्या जोरात ओरडले, "ए, हळू! बघून चाला! तिच्या आईचा ग्लास आहे तिथं!" मग हातातलं बायबल खुर्चीवर ठेवून म्हणाले, "सिस्टर, मला पण द्या अर्धा ग्लास. लसणाची असेल तरी चालेल." त्या दिवसापासून त्यांच्याशी भांडायला मला पूर्वीइतकी मजा आली नाही.

कपाटातला परकर मी संध्याकाळी बाहेर काढला. "हा अम्मानं नाही पाठवला, मी शिवून घेतलाय. घालशील?" तिनं हात फिरवून बघितला आणि घातला. पाट्टी त्यानंतर दर महिन्याला यायची, येताना सुकी मासळी आणायची, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून जायची.

संध्याकाळी पायरीवर बसणं कयलनं एकदम सोडलं नाही. हळूहळू कमी होत गेलं. मग एक दिवस मी तांदूळ निवडत होते, तेव्हा ती येऊन माझ्यासमोर बसली. थोडे खडे वेचून दिले. मग विचारलं, "वॉर्डनम्मा, माझा गेटचा वाढदिवस किती लांब आहे?"

मी खडे निवडतच राहिले. मान वर केली असती तर तिला माझे डोळे दिसले असते. "पोंगल झाल्यावर. का गं?"

"करायचा. तो पण माझाच आहे."

"काय शिजवायचं?"

"केक," ती म्हणाली. "मोठा. वर गुलाबी फूल असलेला."

त्या वर्षी पोंगल झाल्यावर मी स्वतः जाऊन केक आणला. आयुष्यात पहिल्यांदाच मी केक विकत घेतला. कयल तो परकर नेसून गेटबाहेर गेली आणि टाळ्या सुरू व्हायच्या आतच धावत आत आली. माझ्या खुर्चीत बसली. केक कापला. गुलाबी फुलाचा अख्खा तुकडा उचलला, सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आ करा."

गोडमिट्ट, तेलकट, नुसतं क्रीम. मी सगळा खाल्ला.